विमानाच्या नाकातलं वजन

सातपूरच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं तपासनीस होतो. दुसऱ्याने केलेलं काम चुकलेलंच असणार असं धरून चालायचं आणि चूक सापडेपर्यंत मोजत राहायचं, याचा मला पगार मिळायचा. हा धंदा अंगात मुरला की घरीही सुटत नाही. दूधवाल्याच्या मापावर माझी नजर, रिक्षाच्या मीटरवर नजर, बायकोने "भाजी ताजी आहे हो" म्हटलं की आधी देठ मोडून बघायचा. बायको म्हणायची, "संध्याकाळी येताना तो संशय गेटवरच ठेवून येत जा. घरात जागा नाही त्याला."

घरात खरंच जागा नव्हती. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, आणि त्यात मी विमानाचा खोका आणून ठेवला. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. रेडिओवर चालणाऱ्या लहान विमानाचे सुटे भाग एका खोक्यात मिळतात, ते आपण जोडायचे, हे मी कारखान्यात आलेल्या एका परदेशी मासिकात पाहिलं होतं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. शेवटी मुंबईच्या एका दुकानातून तो खोका आणला. आत बाल्सा लाकडाचे पातळ तक्ते, त्यात छापून कापलेल्या पंखाच्या फासळ्या, चाकं, तारा, कृती सांगणारी एक पुस्तिका आणि चादरीएवढा नकाशा. बाल्सा इतकं हलकं की तक्ता हातात घेतल्यावर मला पहिली शंका आली ती दुकानदाराने फसवल्याची. हे कसलं लाकूड, हे तर शेवग्यासारखं नखाने दबतंय.

बायकोने दोन दिवस गोंदाचा वास सहन केला आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, "हे माझ्या माहेरी घेऊन जा."

तिचं माहेर मखमलाबादला. सासऱ्यांची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडे गुलाब. मळ्यात घराला लागून एक लांब पत्र्याची खोली होती, तिथे फुलांच्या पाट्या, करंड्या आणि भिंतीला टांगलेला तराजू. तोडलेली फुलं तिथे सावलीत ठेवायची आणि पहाटे सासरे ती बाजारात नेऊन विकायचे. त्या खोलीचा एक कोपरा मला मिळाला. एक जुनं सपाट दार चार करंड्यांवर आडवं टाकलं, त्यावर नकाशा पसरला आणि दर रविवारी मी तिथे जाऊ लागलो.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे, ते मला जावईबापू. साठीतला सडसडीत माणूस. बोलणं कमी. मी काम करायला लागलो की समोर पाटी उपडी टाकून बसायचे आणि बघत राहायचे. मला कुणी काम करताना बघितलेलं आवडत नाही. कारखान्यात मी बघायचो आणि लोक घाबरायचे, इथे उलटं झालं होतं.

पंखाची बांधणी अशी असते. नकाशावर मेणकागद अंथरायचा, त्यावर लांब दांडी टाचण्यांनी पक्की करायची आणि तिच्यावर एकेक फासळी काटकोनात उभी करून चिकटवायची. माशाचा सांगाडा उलटा तयार होत जातो. पुस्तिकेत लिहिलं होतं की गोंदाचा एक थेंब पुरे. मी मनात म्हटलं, थेंबाने काय होतंय. ज्याने लिहिलं त्याला विमान पडलं तर काय फरक पडणार आहे? मी प्रत्येक सांध्याला तीन थेंब दिले. शेपटीचा सांधा तर मला अगदीच कमकुवत वाटला. तिथे मी आतून प्लायवूडची जादा पट्टी बसवली आणि वरून दोन बाटल्यांचा घट्ट गोंद कालवून थापला. थंडीत तो गोंद वाळेना, म्हणून दुसऱ्या रविवारी त्यावर आणखी एक थर दिला.

"येवढा गोंद लागतो व्हय शेपटीला?" मामांनी विचारलं.

"लागतो," मी म्हणालो. मला तो टोमणा वाटला.

मळ्याच्या कडेला, पाटाच्या बाजूने, जमिनीचा एक लांब सपाट पट्टा होता. मामांनी तो माझ्या विमानाला पळायला म्हणून मोकळा सोडला होता. मी मागितला नव्हता. बायकोने सांगितलं असणार. त्या पट्ट्यात दर वर्षी ते पाडव्याच्या झेंडूची लागण करायचे. पौष लागला तसं त्यांनी दोन-तीनदा विचारलं, "जावईबापू, कवा उडंल ह्ये?" आजूबाजूच्या वाफ्यांत रोपं लावून झाली होती आणि मधला तेवढाच पट्टा उघडा पडलेला दिसायचा. मला वाटलं, यांना जमीन परत हवी आहे, पण जावयाला तोंडावर कसं म्हणायचं म्हणून हे आडून आडून चाललंय.

पुढच्याच रविवारी मी गेलो तर विमान मी ठेवलं तसं नव्हतं. मी नाक भिंतीकडे करून ठेवलं होतं, ते आता थोडं दाराकडे वळलेलं. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "वाऱ्यानं फिरलं आसंल." बंद खोलीत कसला वारा! मी विमान उचलून सगळीकडून पाहिलं. पोटाच्या फळीला आतून झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती.

पाकळी म्हणजे पुरावा. मी ती रुमालात गुंडाळून घरी आणली आणि बायकोसमोर ठेवली.

"फुलांच्या खोलीत पाकळी सापडली," ती म्हणाली. "आता काय पोलिसात जायचंय?"

"आत सापडली. पोटाच्या आत. तुझे वडील विमानाला हात लावतात."

"मग लावू दे की. काय खाणार आहेत का ते?"

तिला गांभीर्यच कळत नव्हतं. मी कारखान्यातली युक्ती केली. जाताना पंख आणि पाटी यांच्यामध्ये एक बारीक पांढरा दोरा ताणून ठेवला आणि चाकांखाली खडूने खुणा केल्या. पुढच्या रविवारी दोरा जागेवर होता, पण माझी गाठ डावीकडे असते, ही उजवीकडे होती. चाकं खुणांच्या बोटभर बाहेर. म्हणजे हात लावणाऱ्याने दोरा सोडला, काम केलं आणि दोरा परत बांधला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकून हात लागलेला नव्हता, हे सगळं ठरवून लपवून चाललं होतं. त्या दिवशी मामा समोर बसले होते तेव्हा मी त्यांच्या बोटांकडेच बघत होतो. झेंडूने पिवळी झालेली बोटं. पंखावर मी बायकोच्या इस्त्रीने पांढरी फिल्म तापवून ताणली होती, आणि पंखाच्या खालच्या बाजूला, बरोबर मी पेन्सिलीने दोन ठिपके काढले होते तिथे, पिवळसर डाग होते. दोन ठिपक्यांपाशी दोन डाग.

त्या ठिपक्यांचं मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. विमान पूर्ण झालं की या दोन ठिपक्यांवर दोन बोटं ठेवून उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. शेपूट खाली गेलं तर ते विमान उडवण्याच्या लायकीचं नाही.

मामांनी ते ऐकून घेतलं होतं. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आमी गाडी भरताना तसंच बघतो. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ व्हती, जू वर उचलतं, बैलाला फास बसतो. म्हून धुरंकडं, पुढं, जरा जड ठेवायची. इमानाचं बी तसंच आसतंय का?"

"मामा, विमान म्हणजे बैलगाडी नाही," मी म्हणालो.

ते हसले, मान हलवली आणि करंड्या उचलायला गेले. त्यानंतर विमानाबद्दल त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त कवा उडंल तेवढंच.

इंजिन बसलं, इंधनाची प्लास्टिकची टाकी नाकात स्पंजमध्ये गुंडाळून बसली, शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या चिमुकल्या मोटारी बसल्या. हातातल्या पेटीवरची काडी सरकवली की खोलीच्या त्या टोकाला शेपूट वळायचं. सासूबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. तो आनंद मी नाकारणार नाही. पण तो उपभोगतानाही माझा अर्धा जीव मामांवर होता. हा माणूस मधल्या सहा दिवसांत काय करतो?

सगळं जोडून झाल्यावर, पुढच्या रविवारी, मी ती दोन बोटांची परीक्षा घेतली. विमान बोटांवर स्थिर उभं राहिलं आणि नाक अगदी पुस्तिकेत म्हटल्याइतकं खाली झुकलं. पहिल्याच खेपेला! पुस्तिकेत तर लिहिलं होतं की बहुतेकांना इथे खटपट करावी लागते. मी जन्मभर दुसऱ्याचं बरोबर आलेलं काम तीनदा मोजलं, पण स्वतःचं बरोबर आलेलं एकदाही संशयाने पाहिलं नाही. मला वाटलं, आपण आहोतच तसे.

उडवायला मी देवळालीच्या बाजूचे एक निवृत्त सुभेदार शोधून काढले होते. त्यांनी अशी विमानं बरीच उडवली होती. माघातल्या एका रविवारी ते सकाळी स्कूटरवर आले. थंडी मरणाची होती. त्यांनी विमान हातात घेऊन सगळं तपासलं, पंख धडाला बांधून ठेवणारी रबरं ओढून पाहिली आणि दोन बोटांवर उचललं.

"बॅलन्स एकदम बराबर," ते म्हणाले. "पहिलं विमान आहे ना तुमचं? शाब्बास."

मी मामांकडे पाहिलं. ते नवं धोतर नेसून आले होते. आणि एकटे नव्हते. बाजारातले त्यांच्याशेजारी बसणारे दोघं फुलवाले, शेजारच्या मळ्यातली माणसं, सगळे बांधावर येऊन उभे होते. मला संशय आला तो हाच, की माझी फजिती बघायला बोलावलंय सगळ्यांना.

सुभेदार चहा घ्यायला घरात गेले आणि मी टाकी भरायला बसलो. इंधन आत जाईना. कुठेतरी नळी दबली होती. मी नाकावरचं झाकण काढलं, स्पंज बाजूला केला, आणि टाकीच्या पुढे एक गाठोडं हाताला लागलं. जुन्या धोतराच्या चिंधीत घट्ट बांधलेलं. सोडलं तर आत लोखंडी वजन. दोनशे ग्रॅमचं, सहा कोनी, वर सरकारी शिक्का. मामांच्या फुलांच्या तराजूचं.

माझे कान गरम झाले. महिनाभर मी ज्याच्या मागावर होतो तो पुरावा माझ्या तळहातावर होता. सगळं जुळलं. वजन नळीवर दाबलं जाणार, इंजिन हवेत बंद पडणार, विमान पडणार आणि पट्ट्यात उद्या झेंडू लागणार. इतका गोड बोलणारा माणूस! मी ठरवलं की आत्ता बोलायचं नाही. आधी विमान उडू द्यायचं, मग त्यांच्याच पाहुण्यांसमोर हे वजन काढून विचारायचं, मामा, हे कुणाचं? मी वजन पँटच्या खिशात टाकलं, नळी सरळ केली, टाकी भरली, झाकण लावलं. बोटांवर परत उचलून पाहिलं नाही. गरजच काय, दोघांनी तपासलेलं होतं.

इंजिन सुरू झालं तेव्हा एरंडेलासारखा जळका गोड वास सगळ्या मळ्यावर पसरला. सुभेदारांनी काडी पुढे केली, विमान पट्ट्यावरून धावलं, आणि अर्ध्या पट्ट्यातच त्याने जमीन सोडली. बांधावरून आरडाओरडा झाला. मीही ओरडलो. पाच महिने जे मी टाचण्यांनी टोचलं, घासलं, शेकलं, ते हवेत होतं.

नाक वर जात राहिलं. सुभेदार काडी पुढे दाबत होते, पण नाक वर, अजून वर, मग विमान उभंच झालं आणि क्षणभर थांबलं. मग एका पंखावर कोलमडून खाली आलं. शेवंतीच्या वाफ्यात पडलं. आवाज फार मोठा झाला नाही. खोका पायाखाली यावा एवढाच.

सगळे धावले. पंख मधून मोडला होता, फासळ्या फिल्मच्या आत भुगा झाल्या होत्या. शेपूट मात्र शाबूत होतं. तीन थेंबांचा गोंद, प्लायवूडची पट्टी, सगळं जागच्या जागी. सुभेदारांनी ते शेपूट हातात घेतलं आणि वजनाचा अंदाज घेत माझ्याकडे पाहिलं.

"हे इतकं जड? मग मघाशी बॅलन्स बराबर आलाच कसा?" ते म्हणाले. "पुढे वजन होतं का काही? मधे कुणी काही काढलं?"

माझा हात खिशावर गेला. वजन मांडीला गार लागत होतं. मला तेव्हाच सगळं उलगडलं, एका झटक्यात. पेन्सिलीच्या ठिपक्यांवरचे पिवळे डाग. कुणीतरी सहा दिवस, माझ्या पाठीमागे, विमान दोन बोटांवर उचलून बघत होतं.

सुभेदार पुन्हा म्हणाले, "कोणी हात लावला होता?"

"मी," मामा म्हणाले. "मी लावला व्हता. मला काय कळतंय त्यातलं. माझ्याच हातून बिघाड झाला आसंल. जावईबापूंचं काम एकदम बराबर व्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बांधावरचे फुलवाले एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला एक हलकेच म्हणाला की म्हातारा महिनाभर बाजारात सगळ्यांना सांगत होता, माझ्या जावयाचं इमान उडणार हाय, बघायला या. आता तोच म्हातारा त्यांच्यासमोर उभा राहून सांगत होता की ते त्याने पाडलं. आणि मी खिशावर हात ठेवून उभा होतो. मी तेव्हा बोललो नाही. हे मला आजही लिहायला जड जातं.

जेवायला बसलो. जावई म्हणून माझा पाट पुढे, वाटीत तूप. सासूबाई वाढता वाढता बायकोला सांगत होत्या, "पंधरा दिस झालं, दोनशेचं वजन हरवलंय. पाव किलो कसं तोलायचं? ह्ये आपले गिऱ्हाइकाला मुठीनं देत्यात, आन् मूठ ह्यांची मोठी."

"घावंल," मामा म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.

मी वाटीतलं तूप तसंच ठेवलं. परतीच्या वाटेवर बसस्टॉपवर मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं ती भांडेल. तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही हौसेने गुलाब छाटले होते, आठवतं?" ती म्हणाली.

आठवत होतं. दोन ओळी छाटल्या होत्या मी. त्या वर्षी फुलंही भरपूर आली होती आणि मी ते सगळ्यांना सांगितलंही होतं.

"तुम्ही गेल्यावर वडिलांनी सगळे परत छाटले. नवी फूट येते ते डोळे उलटे, आतल्या बाजूला ठेवले होते तुम्ही. आमच्यात जावयाची चूक त्याच्या तोंडावर नाही काढत. मला शपथ घातली होती सांगायचं नाही म्हणून."

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. मामा खोलीत शेवंती तोलत होते. मी वजन काढून तराजूच्या पारड्यात ठेवलं आणि म्हणालो, "मामा, हे मी काढलं. मला वाटलं तुम्ही विमान पाडायला ठेवलंय."

त्यांनी दुसऱ्या पारड्यातली शेवंती करंडीत ओतली. जावयाने चूक कबूल केल्यावर काय करायचं, याची त्यांच्या घरात रीतच नसावी. मग त्यांनी ते वजन उचललं, धोतराला पुसलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"राहू द्या तुमच्यापाशी. दुसरं कराल त्याला लागंल."

पट्ट्यात त्या वर्षी त्यांनी झेंडू लावला नाही. मी सांगूनही नाही.

दुसरं विमान पुढच्या थंडीत झालं. गोंदाचा एकेक थेंब, तरी शेपूट थोडं जड झालंच असणार, माझा हात मला ठाऊक आहे. सगळं जोडून झाल्यावर मी ते दोन ठिपके काढले आणि ते वजन चिंधीत बांधून त्या आडव्या दारावर विमानाशेजारी ठेवलं. "मामा, तुम्हीच बघा आणि ठेवा," मी म्हणालो.

ते जागचे हलले नाहीत. पाटीवर बसून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. माझ्यासमोर त्यांचा हात विमानाला लागेना.

"जावईबापू," शेवटी ते म्हणाले, "तुमी जरा आत जाऊन चा घिऊन या."

मी गेलो. सासूबाईंनी चहा टाकला. मी तो बशीत ओतून अगदी सावकाश प्यालो, मग दुसरा कप मागितला. परत आलो तेव्हा मामा करंड्या लावत होते आणि दारावरचं वजन तिथे नव्हतं. नाकावरचं झाकण बंद होतं. मी ते उघडून पाहिलं नाही.